मागायच्या आत दिलेलं पाणी

दाजी, कावळा लगेच शिवला.

रामकुंडावर पिंड मांडून गुरुजी जेमतेम बाजूला सरकले होते, भाऊबंदांतले निम्मे अजून सावली शोधत होते, तेवढ्यात पलीकडच्या पत्र्यावरून एक कावळा सरळ खाली उतरला, भातात चोच मारली आणि उडूनही गेला. मागे उभ्या असलेल्या माणसांत सुटकेची कुजबुज झाली. "काही अडकलं नव्हतं मनात," असं कुणीतरी म्हणालं. ताईने पदर डोळ्यांना लावला. मला मात्र तुमचा राग आला.

कारण मी एक वाक्य तयार करून आले होते. कावळा अडला की घरचे एकेक पुढे होतात, गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून शब्द देतात. आईला सांभाळू, बाग मोडणार नाही, बांधाचा वाद मिटवू. माझा अंदाज होता की तुमचा कावळा सगळ्यांना उन्हात चांगलं ताटकळत ठेवणार. जिवंतपणी तुम्ही कुणाच्या पहिल्या बोलण्याला कधी हो म्हणाला नाहीत. सगळ्यांचे शब्द देऊन झाले की मी पुढे होणार होते आणि म्हणणार होते, "दाजी, यापुढे नोटीस पाठवायच्या आधी मी मागायला जाईन." एवढंच. नाशिकला येताना गाडीत तेच घोळवत होते. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत, आणि ही काही तुमची पहिली वेळ नव्हती.

मी परीक्षा पास होऊन नायब तहसीलदार झाले तेव्हा पेढे घेऊन आधी तुमच्याकडे आले. वणीच्या अलीकडे, द्राक्षबागेतलं तुमचं घर. तुम्ही ओट्यावरून उठलात, टोपी सारखी केलीत, हात जोडलेत आणि म्हणालात, "या, सरकार." त्या दिवशी माझं नाव गेलं ते गेलंच. सरकारला भाकरी वाढ. सरकारच्या गाडीला सावलीत लाव. सरकार, आमटीत मीठ कमी पडलंय, पंचनामा कर. मीही काही कमी नव्हते. ताईच्या लग्नात तुमचे बूट मीच लपवले होते. सगळे नवरदेव थोडी घासाघीस करतात आणि बूट सोडवून घेतात. तुम्ही अनवाणी गाडीत बसलात. शेवटी मलाच गाडीमागे पळत येऊन खिडकीतून ते बूट आत टाकावे लागले. तेव्हाच कळायला हवं होतं की मागणं आणि देणं याबाबतीत या माणसाचे काही स्वतःचे नियम आहेत.

गेल्या पावसाळ्यात पाऊस श्रावणातच निघून गेला तो परत आला नाही. माघात टँकर सुरू झाले. टँकर भरायचा तर कुणाची तरी विहीर किंवा तळं लागतं, आणि ज्याच्याकडे पाणी शिल्लक आहे त्याचं ते तात्पुरतं ताब्यात घ्यायचा अधिकार आम्हाला असतो. त्याला आमच्याकडे अधिग्रहण म्हणतात. शब्द जड आहे, मान्य. तुमच्या पट्ट्यात सगळ्यात भरलेलं शेततळं शेजारच्या नानांचं होतं. पण तुमचं रस्त्याला लागून, टँकर सरळ आत वळतो, म्हणून साहेबांनी आधी तुमचं ठरवलं. तहसीलदारांकरिता म्हणून खाली सही माझी. कोतवालाने नोटीस आणून दिली आणि त्याच रविवारी मी तुमच्याकडे जेवायला होते.

जेवण झालं, तुम्ही हात धुतलेत. मग चष्मा शोधायला लागलात. देवघरात बघितलात, टीव्हीवर बघितलात, ताईच्या शिवणाच्या टोपलीत हात घातलात. चष्मा तुमच्या डोक्यावर होता आणि हे तुमच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. शेवटी तो सापडल्यासारखं केलंत आणि नोटीस मोठ्याने वाचायला घेतलीत.

"ज्याअर्थी म्हणजे काय गं?"

"म्हणजे कारण."

"आन् त्याअर्थी?"

"म्हणजे म्हणून."

"मग तसंच लिवा ना. ज्याअर्थी तू माझी मेहुणी हाय, त्याअर्थी तुला दुसरी पोळी वाढली. असं कोन बोलतं का घरात?"

ताई तोंडाला पदर लावून आत गेली. मी म्हटलं, दाजी, गावांना प्यायला पाणी नाही, तुमच्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही नोटिशीची नीट घडी केलीत. म्हणालात, "पानी नाय देत असं कुठं म्हनलो? पन तू मागायला आली असती तर तुझ्या ताईनं चहा ठिवला असता. नोटीस आली की मी चष्मा शोधतो."

आपला वाद सुरू झाला तो तिथून. मी म्हटलं, सरकारला मागून चालत नाही. मागितलं तर ज्याचं मन मोठं त्याचं तळं आटणार आणि ज्याचं मन लहान त्याचं भरलेलं राहणार. हुकूम सगळ्यांना सारखा असतो, त्यात मनाचा संबंध येत नाही. तुम्ही म्हणालात, मनाचा संबंध काढून टाकायचा म्हणता आणि मग लोक साथ देत नाहीत म्हणून रडता. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या कार्यालयात रीतसर हरकत दाखल केलीत. टाईप करून, ज्याअर्थी आणि त्याअर्थीसकट. आमचे अव्वल कारकून ती वाचून पोट धरून हसले. तिची सुनावणी व्हायची होती. तोवर टँकर लांबच्या विहिरीवर भरत होता, आणि मी तुमच्याकडे आले की ताई आपल्या दोघांच्या मधे बसत होती.

मग चैत्रात तुमच्या मागचा डोंगर पेटला.

वणवा दरवर्षी लागतो. कुणी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतं, कुणी पेरणीआधी शेतात राब भाजतं, कुणी जळती विडी टाकतं. थोडं गवत जळतं, कुठल्या तरी ओढ्याला आग अडते आणि विझते. यंदा अडवायला ओढा कुठे होता? गवत वाळून कागद झालं होतं, झरे पौषातच गेले होते. एकाच दुपारी आजूबाजूचे तीन-चार डोंगर धुमसत होते, आणि मी आपत्ती कक्षात बसले होते.

तो कक्ष तुम्हाला एकदा दाखवायचा राहून गेला. तुम्हाला वाटायचं, आम्ही तिथे थंड हवेत बसून हुकूम सोडतो. एक खोली, भिंतीवर तालुक्याचा नकाशा, सतत वाजणारे फोन, आणि कोपऱ्यात एक कूलर. त्यात पाणी ओतायची त्या उन्हाळ्यात कुणाला लाज वाटत होती, म्हणून तो नुसता गरम वारा फेकत होता. वनरक्षक गावित मॅडमचा फोन तिथेच आला. सकाळपासून त्या, त्यांचे वनमजूर आणि पाड्यावरची माणसं निरगुडीच्या डहाळ्यांनी आग झोडपत होती. "मॅडम, वारं फिरलंय," त्या म्हणाल्या. "आग वरच्या पाड्याकडे चाललीय. आम्ही रेषा काढतोय, पण माणसं दमलीत. पाणी पाठवा." मागे बायांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

अग्निशमनाची एक गाडी दुसऱ्या डोंगराखाली गुंतली होती, दुसरी घाटात बंद पडली होती. पाण्याचे टँकर सगळे प्यायचं पाणी घेऊन वेगवेगळ्या गावांच्या वाटेवर. त्यातल्या एका टँकरला मी अर्ध्या वाटेतून फिरवलं. ज्या वाडीवर तो चालला होता तिथल्या बाया सकाळपासून हंड्यांची रांग लावून बसल्या होत्या. मी तिथल्या ग्रामसेवकाला फोन करून सांगितलं की आता बाया माझ्या नावाने बोटं मोडतील, तर मोडू देत. तो त्यांच्याशी बोलून परत फोनवर आला. म्हणाला, "मॅडम, त्या म्हनतात, आधी पाडा वाचवा. आम्ही डबक्यातलं गाळून घेऊ." हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुमच्या बाजूचा पुरावा होता तो, आणि म्हणूनच बहुधा सांगितला नाही.

त्यानंतर तुमचा फोन.

"सरकार, डोंगर पेटलाय. दिसतोय का हापिसातून?"

"दिसतोय. गाड्या निघाल्यात."

"कुठवर आल्या?"

"वाटेत आहेत."

"सरकार कायम वाटंतच असतंय."

मी म्हटलं, "दाजी, ऐका ना, मला तुमच्या तळ्यातलं..." आणि फोन कट. मला वाटलं, रागाने कापलात. हरकत घेतलेला माणूस, सुनावणी बाकी, आणि मी कुठल्या तोंडाने पुढे बोलणार होते? परत फोन लावला तर व्यस्त. पुन्हा लावला तर पुन्हा व्यस्त. नोटिशीवर सही करताना माझा हात कधी अडला नव्हता. त्या दिवशी मात्र एक साधं वाक्य पुरं करायला माणूस मिळत नव्हता.

मी जीप काढली आणि पाड्याकडे निघाले. वाटेत तुमचाच फोन आला. "तुझ्या पोलिसानं अडीवलंय आमाला. म्हनतो, रस्ता बंद, वरून ऑर्डर हाय. वर कोन बसलंय म्हनून इचारलं, तर तुझंच नाव सांगतो." ऑर्डर माझीच होती. आग बघायला मोटारसायकलींवरून पोरांची जत्रा लोटली होती, म्हणून मीच तासाभरापूर्वी घाटरस्ता बंद करायला सांगितला होता. मी विचारलं, "आम्हाला म्हणजे कुणाला?" तुम्ही म्हणालात, "ये आन् बघ."

आले आणि बघितलं. वळणावर द्राक्षाला औषध मारायच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या मागे टाकी आणि टाकीच्या मागे तो मोठा गोल पंखा. टाक्या मोरचुदाने निळ्या पडलेल्या. तुमचा फोन व्यस्त लागत होता तो एकेका बागाईतदाराला बोलावण्यात, आणि प्रत्येक टाकी भरली होती तुमच्या तळ्यावर. ज्याच्यावर हरकत चालू होती त्याच तळ्यावर. मी जीपमधून उतरले तर तुम्ही सीटवरून म्हणालात, "सुनावणी नंतर लाव. आधी तुझा पोलीस हालीव."

मी तुमच्याकडे पाणी मागितलंच नव्हतं, दाजी. वाक्य अर्धं होतं तेव्हाच तुम्ही तळ्याकडे निघाला होता.

पुढचं सांगताना ताई अजूनही हसते आणि हसता हसता रडते. पाड्याच्या कडेला पोचल्यावर गावित मॅडमनी दाखवलं की आग घळीतून वर चढते आहे, शेवटच्या ओळीतली घरं आणि पेंढ्याच्या गंजी आधी भिजवा. तुम्ही ट्रॅक्टर लावलात आणि हाताला सवय होती तेच केलंत. बागेत औषध मारताना लावता तसा पंखा सुरू केलात. वेलीला तुषार उडवायचा तो पंखा. त्याच्या वाऱ्याने समोरचं पेटतं गवत भप्पकन वर उठलं आणि ठिणग्या तुमच्याच अंगावर आल्या. तुम्ही सीटवरून मागच्या मागे कोसळलात. उठलात तेव्हा दोन्ही भुवया गेलेल्या. कुणी काही विचारायच्या आत तुम्ही रांगेकडे वळून ओरडलात, "पंखा बंद ठिवा रे, नुसती फवाऱ्याची गन धरा. डावनी रोग नाय आला डोंगराला." पाड्यावरची माणसं तेवढ्यातही हसली. गावित मॅडमच्या काजळी चढलेल्या तोंडावर पांढरे दात दिसले, तो चेहरा माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

मग मात्र सगळं रांगेला लागलं. तुमचे लोक भिजवत होते, वनखात्याची माणसं भिजलेल्या पट्ट्याच्या पुढे गवत खरवडून रेषा काढत होती, मी टँकर वर चढवून रिकाम्या टाक्या तिथेच भरून द्यायची सोय करत होते. कोण सरकार आणि कोण लोक हे त्या धुरात ओळखू येत नव्हतं. कोपऱ्यातल्या घरात एक म्हातारी आजी धान्याच्या कणगीला धरून बसली होती. अंगणवाडीच्या बाई विनवून थकल्या, मी अधिकाराने सांगून थकले. तुम्ही दारात वाकून म्हणालात, "आजी, घरावर पानी मारतोय. आत बसशील तर भिजशील." ती म्हणाली, "माझी नागली भिजंल." तुम्ही म्हणालात, "नागलीला मी बसतो राखन. तू माझा ट्रॅक्टर राख, लोक चोरून नेत्यात." ती खरंच उठली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर जाऊन बसली. तिथून ती कुणालाही जवळ येऊ देईना.

दिवस मावळायच्या सुमाराला आग रेषेशी येऊन बसली. एक गोठा गेला, गंजी गेल्या, कडेची दोन आंब्याची झाडं गेली. माणूस एकही गेला नाही, घर एकही गेलं नाही.

रात्रीपुरती सगळ्यांची शाळेत सोय केली होती. खालच्या बाजारातून लोकांनी जीप भरभरून केळी आणि पाण्याच्या बाटल्या पाठवल्या होत्या, बचत गटाच्या बायांनी भाकरी आणि ठेचा. भाजलेल्या हातांना लावायला मलम मात्र कुणाला सुचलं नव्हतं. ते आरोग्य केंद्राच्या सिस्टरनी स्वतःच्या गाडीवरून आणलं. तुम्ही पायरीवर बसून केळी खात होता. मी समोर जाऊन उभी राहिले. मला बोलायचं होतं. तुम्ही केळं पुढे केलंत आणि म्हणालात, "खा सरकार, डोंगर पेटला की लोकांना केळीच का आठवत्यात काय म्हाईत." मी ते खाल्लं. आभार मानायचे राहिले. मेहुणीने दाजींचे आभार कसे मानायचे असतात, मला अजूनही माहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी तळ्यावर आले. तळाचा प्लास्टिकचा काळा कागद उघडा पडला होता, मधोमध गाळाचं डबकं. तुमची खरड छाटणी नुकतीच झालेली. त्या वेळी वेलीला पाणी मिळालं नाही तर पुढच्या वर्षीची काडी तयार होत नाही, हे मला तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही वरची बाग सोडून द्यायचं आणि उरलेल्या पाण्यावर खालची जगवायचं ठरवलं होतं. बोलताना तुमचा हात वरच्या बागेतल्या एका खोडावर होता. तो तिथून हलत नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी भांडते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "बघितलंत? हेच सांगत होते मी. तुमचं तळं आटलं आणि नानांचं भरलेलं आहे. त्या दिवशी त्यांच्या गेटला कुलूप होतं. दोघांवरही हुकूम निघाला असता तर दोघांचं निम्मं निम्मं गेलं असतं. तुमची बाग वाचली असती."

तुम्ही नानांच्या बांधाकडे बघितलंत. मग म्हणालात, "त्याला मागितलं का कुनी?"

"तुम्ही मागायचं होतं."

"मी शेजारी. मी मागितलं तर तो बांधाचा हिशोब काढंल. तू सरकार हायेस. तू माग."

माझ्याकडे याचं उत्तर होतं. चांगलं होतं. जिल्ह्यातली गावं किती, तळी किती, माणूस एकटा किती दारं झिजवणार, असं सगळं होतं त्यात. पण ताईने जेवायला हाक मारली आणि मी ते पुढच्या खेपेला ठेवलं. पुढच्या खेपेला आले तेव्हा तुम्ही ओट्यावर होता, पण चादरीखाली. ज्येष्ठातल्या भर दुपारी खालच्या बागेत ठिबकची नळी झटकता झटकता तुम्ही बसलात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशीच्या धुराचा काही संबंध नाही. ताई म्हणते, आहे. मी कुणाशीच वाद घालत नाही. माझा वाद तुमच्याशी होता. तुमच्या भुवया अर्ध्याच परत आल्या होत्या. मी त्यांच्याकडेच बघत बसले होते.

रामकुंडावर पुढाऱ्यांची भाषणं झाली. तुम्ही वणव्यात उडी घेतली असं एकाने सांगितलं. तुम्ही ट्रॅक्टरवरून मागे पडलात, उडी वगैरे काही नव्हती, पण मी गप्प बसले. वरच्या पाड्यावरची आजी आली होती. एसटीने वणीपर्यंत आणि तिथून कुणाच्या तरी जीपने. ताईच्या पदरात तिने फडक्यात बांधलेली नागली घातली आणि म्हणाली, "राखन केली ना त्यानं." त्यापुढे कुणाचं भाषण मला ऐकू आलं नाही.

पाऊस अजून नाही, दाजी. लांबची ती विहीरही आता खडखडीत झाली आहे. खालच्या गावांचे आणि वरच्या पाड्याचे टँकर भरायला आता एकच जागा उरली होती, नानांचं तळं. साहेबांनी सांगितलं, नोटीस काढा. मी काढली, सही केली, कोतवाल हात पुढे करून उभा होता. मी ती पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, मी जाते. वाटेत तुमच्या घरावरून जाताना गाडी थांबवली नाही. थांबले असते तर परत फिरले असते. नाना नाही म्हणाले असते तर नोटीस होतीच. पण मग रामकुंडावर राहिलेलं ते वाक्य मी तुम्हाला कधीच म्हणू शकले नसते.

नाना ओट्यावरच्या बाजेवर बसले होते. मला बघून सावरून बसले.

मी म्हटलं, "नाना, पाणी मागायला आलेय."

"नोटीस नाय आनली?"

"आणलीय. पण आधी मागते."

नानांनी बाजेवर सरकून मला जागा केली. मग आत वळून सुनेला म्हणाले, "चहा ठिव गं." थोड्या वेळाने जमिनीकडे बघत बोलायला लागले. "आगीच्या दिवशी मी लेकीकडं होतो, देवळाली कॅम्पात. जावई फौजेतून रजेवर आलता. लोक म्हनतात, नानानं मुद्दाम कुलूप लावलं. आल्यावर दोनदा तुझ्या दाजीकडं जायला निघालो आन् बांधावरून मागं फिरलो. काय म्हनायचे गं ते माझ्याबद्दल?"

"म्हणायचे, त्याला मागितलं का कुणी?"

नानांनी टोपी काढली. टोपीनेच तोंड पुसलं आणि ती तशीच हातात धरून बसले. म्हणाले, "उद्यापासून लाव टँकर. खालपातूर गेलं तरी चालंल." मग हात पुढे करून, "आन् ती नोटीस बी दे. पोरं इचारतील, बापानं कुनाला इचारून दिलं. कागद असला म्हंजे मला घरात बोलता यील." आपल्या वादात बरोबर कोण होतं, दाजी? मागितल्याशिवाय त्यांनी दिलं नसतं, आणि नोटिशीशिवाय त्यांना देता आलं नसतं. तुम्ही असतात तर यावर एक अख्खी दुपार भांडलो असतो.

मी नोटीस पुढे केली. नानांनी ती उलटसुलट केली, बंडीचा खिसा चाचपला, बाजेवर बघितलं, उशी उचलून खाली बघितलं.

"चष्मा कुठं ठिवला बरं..."

मी म्हटलं, द्या इकडे, मीच वाचून दाखवते. कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि पहिला शब्द वाचला. "ज्याअर्थी..."

पुढचं वाचता येईना.  नानांची सून कपबशी घेऊन दारात थबकली. नानांनी माझ्या हातातून हळूच नोटीस काढून घेतली, तिची घडी केली आणि उशीखाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "चहा घे आधी."